फिरायला चाललोय

४ जाने. डोंबिवली
पासपोर्ट आला. मी नववी नापास, म्हणून कामाला परदेशी जायचं तर सरकारची परवानगी लागणार, तसं त्यात छापलंय. पक्याच्या पण. तो हसतोय, "आपलं प्रगतीपुस्तक इकडे पण आलं रे!" शाळेत एका बाकावर होतो, आता एका शेडमध्ये वेल्डिंग.

१० जाने.
ठाण्याला वर्तकनगरात एजंटकडे गेलेलो. सगळे त्याला सर बोलतात. "परवानगीला करार दाखवा, कंपनी तपासा, कशाला लफडी? टुरिस्ट व्हिसावर दुबईला जा. कामाचा तिकडे करून देतील."
मग शिकवणी. कशाला चाललास? फिरायला. राहणार कुठे? मावसभावाकडे. "हात खिशात ठेवा, टुरिस्टचे हात असे भाजलेले नसतात."
शाळेत कधी एवढी उत्तरं बरोबर आली नव्हती.

२ फेब्रु.
एअरपोर्टला मी सुटलो. पक्याला परत पाठवला. गाढव सेफ्टी शूज घालून आलेला. हात लपवले, पाय राहिले.

२० फेब्रु. दुबई
पासपोर्ट फोरमनकडे. "पेपर हो जाएगा." चेकिंगची गाडी आली की आम्ही टुरिस्ट लोक गच्चीवर, टाकीच्या मागे. शिडी खालून काढून घेतात.

९ मार्च
व्हिसा संपला. फोरमन, "हो जाएगा."
आईला टॉवरसमोरचा फोटो पाठवला. तिने अख्ख्या आळीला दाखवला.

१४ मार्च
सोलापूरचा एक पोरगा वरून पडला. हॉस्पिटलला फोन नाय केला. फोरमन बोलला, "टुरिस्ट उधर क्या कर रहा था, क्या बोलूँ?" गाडीत घालून नेला. कुठे, कोण सांगत नाय. संध्याकाळी त्याच्या खाटेवर नवा माणूस.

१५ मार्च
फोरमनने बोलावलं. "एक वेल्डर आ रहा है, तेरे गाँव का. पूछेगा तो अच्छा बोलना. वो आया तो तेरा पेपर पहले." मी कोणाचं नाव दिलं नव्हतं. त्याच्या मोबाईलवर पक्याचा फोटो. सरने पाठवलेला.

१८ मार्च
पक्याचा मेसेज. "उद्याचं तिकीट आहे. सर बोलले तुझं मस्त चाललंय. खरं ना? तू हो बोल, मी निघतो."
लिहिलं, नको येऊ. खोडलं. लिहिलं, ये. ते पण खोडलं.
त्याला दिसतंय मी टाईप करतोय.
"एवढं काय लिहितोस रे? हो की नाय?"