चालटाच्या वड्या

प्रिय अण्णा,

काल मी आपलं बिंग फोडलं. सहा वर्षं तुम्ही आणि मी मिळून माझ्या सासऱ्यांना फसवत होतो, ते मी त्यांना सांगून टाकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल! पण होळीनंतर तुम्ही जे गेलात ते गेलातच. आता दिवाळीही होऊन गेली. विचारायचं तरी कुणाला? म्हणून निदान कळवते आहे. रागावू नका. आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. माझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळी वाचून बाकीचं आईकडे द्यायचात, हे मला ठाऊक आहे.

खरं सांगू? सगळा दोष तुमचाच. तुमचा आणि त्या चालटाचा.

गावच्या बंधाऱ्यावर तुम्ही चौघं गळ टाकून बसायचात. कुणाला मरळ लागली, रोहू लागला की आरडाओरडा. चालट लागला की शिव्या. चपटा, चंदेरी, पाठीला कुबड असलेला मासा. अंगात मांस कमी आणि काटेच जास्त. बापूकाका तो गळातून सोडवून परत पाण्यात भिरकावायला हात मागे न्यायचे, तेवढ्यात तुमची आरोळी!

"बापू, हॉल्ट!"

"आवं आण्णा, काट्याचं गाठोडं हाय ह्ये. मांजरबी खाईना."

"मांजराला काय कळतंय? आन हिकडं."

असे तिघांचे टाकलेले मासे गोळा करून तुम्ही सायकलला पिशवी अडकवून घरी यायचात, शिकार करून आल्यासारखे. आई नाकाला पदर लावायची. "लोकांचं टाकलेलं आनताय, लाज न्हाई वाटत?" तुम्ही म्हणायचात, "लोकं आळशी हायत. त्याला मी काय करू?"

लष्करात वीस वर्षं काढलीत, हवालदार होऊन परत आलात. गावाला सांगायचात, "मी सरहद्दीवर हुतो." होतातच! पण बंदूक घेऊन नव्हे, कढई घेऊन. हे घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं आणि आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही, याची नोंद घ्या. तिकडे आसामात एका म्हाताऱ्या बाईंनी तुम्हाला असल्या माशाचे काटे काढायची युक्ती शिकवली. मासा पाठीवर चिरायचा, चमच्यानं मांस खरवडून घ्यायचं, काटे सांगाड्यालाच राहतात. त्यात आपली कांदा-लसूण चटणी घालून मळायचं, कोथिंबिरीच्या वडीसारखा रोल करून उकडायचा, कापायचा आणि तळायचा. माशाच्या वड्या! साऱ्या जिल्ह्यात ह्या फक्त तुम्हालाच येत होत्या, आणि खाणारेही तुम्ही एकटेच होता.

मी त्या कधी चाखल्या नव्हत्या. कॉलेजला जाणारी मुलगी मी. टाकलेले मासे कोण खाणार?

पण माझ्या बघण्याच्या दिवशी तुम्हाला हे काय सुचलं, अण्णा? साताऱ्याहून माणसं येणार. मुलगा शिकलेला, त्याचे वडील निवृत्त हेडमास्तर. आईनं मटण केलं होतं, तेवढं पुरे नव्हतं? तुम्ही म्हणालात, "मटन समदेच घालत्यात. माझ्या लेकीच्या घरचं काय तरी येगळं नको?" आणि पहाटेच चालट आणून बसलात. वड्यांना वेळ पुरेना, म्हणून बारीक चिरा पाडून तसाच अख्खा तळलात. "चिरा बारीक असल्या की काटा विरघळतो," म्हणालात.

नाही विरघळला.

मामंजींनी पहिला घास घेतला, मान डोलावली. दुसरा घेतला आणि एकदम ताठ झाले. डोळे मोठे, तोंड उघडं. आईनं भाताचा गोळा पुढे केला. सासूबाईंनी केळं सोललं. तुम्ही उठून परेडवर असल्यासारखे ओरडलात, "हात वर! वर बघा! दम रोका!" बिचाऱ्या मामंजींनी खरंच हात वर केले. पाहुणे जीपमधून आले होते, ते बरं झालं. त्याच जीपमध्ये घालून त्यांना तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं काटा काढला. तो मामंजींनी कागदात गुंडाळून काडेपेटीत ठेवला आणि काडेपेटी खिशात टाकली. पुरावा म्हणून!

पण त्या धांदलीत आणखी एक गोष्ट घडली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सासूबाईंनी मला विचारलं होतं, "काय गं, हा कसला मासा?" आणि मी म्हणाले, "मला नाही माहीत. असलं काही आमच्यात खात नाहीत. वडीलच आणतात कुठून कुठून." तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागेच उभे होतात. तुम्ही ऐकलंत. मला कळलं की तुम्ही ऐकलंत. तांब्या ठेवलात आणि जीपचं दार उघडायला गेलात.

का नाही बोललात? एक शब्द तरी रागानं बोलायचात!

आठवड्यानं साताऱ्याचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे, पण घरातली रीतभात जुळेल असं वाटत नाही. आई तुमच्याशी बोलेना. मी तर जेवायलाही तुमच्यासमोर बसेना. मुलगा मला आवडला होता, हे कुणाला सांगणार? तुम्हाला मात्र न सांगताच कळलं असावं. कारण पुढच्या सोमवारी तुम्ही कुणाला काही न सांगता डबा घेऊन एसटीत बसलात.

साताऱ्याला काय घडलं ते मला लग्नानंतर ह्यांनी सांगितलं. हे तेव्हा घरीच होते. तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "मास्तर, चूक झाली. भरपाई आनलीया." डबा उघडलात. मामंजींनी आतून काडेपेटी आणली आणि डब्याशेजारी ठेवली.

"यात काटा न्हाई," तुम्ही म्हणालात.

"मागच्या वेळीही आपण हेच म्हणाला होता."

"मग आदी मी खातो."

आणि तुम्ही त्यांच्यासमोर मांडी घालून एक वडी खाल्लीत. मग दुसरी. मग तिसरी. दर वडीनंतर तोंड उघडून दाखवत होतात म्हणे! आठ वड्या झाल्या. डब्यात चार उरल्या. तळणीचा वास साऱ्या घरात पसरला होता. तुमचा हात नवव्या वडीकडे गेला, तेव्हा मामंजी घाईघाईनं म्हणाले, "थांबा, थांबा! प्रश्न तत्त्वाचा आहे. आरोपीनं सगळाच पुरावा खायचा नसतो."

त्यांनी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

इथं तुम्ही खरं बोलायला काय हरकत होती, अण्णा? सरळ सांगायचं, मी केलं. पण नाही! छाती फुगवून म्हणालात, "आमच्या मंगलनं. लय हौस हाय तिला."

लग्न ठरलं. आणि मी अडकले.

सासरी गेल्यावर पंधराव्या दिवशी मामंजी म्हणाले, "सूनबाई, त्या वड्या होऊ देत." भाजी आणायच्या निमित्तानं एसटीडी बूथ गाठला, गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि तुम्हाला बोलावून आणायला सांगितलं. तुम्ही येईपर्यंत मी मीटरचे आकडे पळताना बघत होते. "अण्णा, आता काय करू?" तर तुम्ही फोनवर केवढ्यानं हसलात! म्हणालात, "घाबरू नगंस. रविवारी कुमक येतीया."

रविवारी तुम्ही आलात. पुढच्या दारानं तासगावच्या बेदाण्यांची पुडी. आणि त्याआधी मागच्या दारानं, मोरीजवळच्या खिडकीतून, माझ्या हातात उकडलेल्या वड्यांचा डबा. मग वळसा घालून पुढे येऊन मोठ्यांदा, "कोन हाय का घरात?" नुसत्या तळायचं काम माझं. आणि शाबासकीही माझी!

महिन्यातून एक रविवार, अशी सहा वर्षं. दोनदा तुम्ही खिडकी चुकलात आणि शेजारच्या काकूंच्या हातात डबा दिलात. त्यांनी मुकाट्यानं खाऊन रिकामा डबा परत केला, तो तुम्ही तसाच माझ्याकडे दिलात. दोन्ही वेळा मी मामंजींना काय सांगितलं माहीत आहे का? मासे रुसले म्हणून!

दर वेळी तुम्ही म्हणायचात, "मंगल, एकदा शिकून घे गं." मी म्हणायचे, "पुढच्या वेळी." पुढची वेळ, पुढची वेळ करता करता होळी आली.

तुम्ही गेल्यावर मामंजींनी कितीतरी महिने वड्यांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरले. पण काल सकाळी ते स्वतःच पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन चालट. "जमेल का?" एवढंच म्हणाले.

मी दार लावून घेतलं. पाठीवर चिरला, चमचा घेतला, खरवडायला लागले. मांसाबरोबर काटे वर! एक, दोन, दहा. एक बोटात घुसला. मी ओट्याशी उभी राहून रडायला लागले. बोट दुखलं म्हणून नव्हे, ते तुम्हाला कळेल. तेवढ्यात दार ढकलून मामंजी आत आले आणि मी सगळं बोलून टाकलं. एसटीडी, खिडकी, बेदाणे, सगळं. म्हणाले, "मामंजी, मी तुम्हाला सहा वर्षं फसवलं. मला हे येत नाही. कधीच येत नव्हतं."

मामंजी शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. खिडकीतून डबा आत येताना दिसला होता. त्यातले निम्मे मासे मीच धरलेले असायचे."

अण्णा! हे काय ऐकत होते मी!

दर महिन्याला एक शनिवार मामंजी "सांगलीला जुन्या मित्राला भेटायला" जायचे. तो जुना मित्र म्हणजे तुम्ही? बंधाऱ्यावर तुमच्या शेजारी गळ टाकून बसायचे ते? संध्याकाळच्या गाडीनं परत येऊन माझ्यासमोर सांगलीच्या रहदारीबद्दल तक्रार करायचे! आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच धरलेले मासे मी त्यांना वाढायचे, आणि ते म्हणायचे, "सूनबाई, आज विशेष झालंय!" आणि तुम्ही समोर बसून मिशीत हसत बेदाणे खायचात! मी तुम्हाला साथीदार समजत होते. तुम्ही तर दोन्ही फौजांत होतात!

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

मामंजी म्हणाले, "हवालदारांची सक्त ताकीद होती. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, पोरीला सांगून टाकू, कशाला हे नाटक? तर म्हणाले, 'ऱ्हाऊ दे मास्तर. डबा द्यायला म्हणून तरी मला म्हैन्याला तिचं त्वांड दिसतंय.'"

मग मी आणखी एक विचारलं. त्या दिवशी मी सासूबाईंना जे बोलले होते, ते तुम्ही कधी मामंजींजवळ काढलंत का, म्हणून.

"काढलं होतं," मामंजी म्हणाले. "म्हणाले, 'पोरगी भ्यालीवती. माझ्या काट्यापायी तिचं लगीन मोडत हुतं. मी बी तेच बोललो असतो.'"

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "बघ. उलटा हात मारायचा नाही. एकाच दिशेनं, हलक्या हातानं. लाडानं." ते 'लाडानं' तुमचंच होतं, अण्णा. मास्तरांच्या तोंडात असला शब्द कुठून येणार?

वड्या जरा वातड झाल्या. चटणी जास्त पडली. सासूबाईंनी पाणी मागितलं, ह्यांनी दही मागितलं. मी मात्र पाच खाल्ल्या. वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पोटभर, तोंडाचा जाळ होईपर्यंत! एवढं चांगलं तुम्ही एकटेच खात होतात? जरा जबरदस्ती करायची होती हो! लहानपणी कारल्याची केलीत, चालटाची का नाही केलीत?

येत्या शनिवारी मी मामंजींबरोबर गावी जाते आहे. तुमचा गळ आईनं माळ्यावर ठेवलाय, तो काढायला सांगितलंय. बापूकाकांचा हात मासा फेकायला मागे जाईल, तेव्हा ओरडायला कुणीतरी हवं. माझा आवाज तुमच्याएवढा मोठा नाही, पण ओरडेन. मासे पिशवीत घालून गावातून चालत घरी नेईन, उघड्या रस्त्यानं. आणि कुणी विचारलं, "मंगल, हे टाकलेलं कशाला नेतेस?" तर सांगेन की आमच्या अण्णांना आवडायचं आणि मलाही आवडतं. हे वचन समजा.

तुमची,
मंगल