दोन चुली, एक ड्रायव्हर

बाई, तुमच्या टेमघरच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या एका टोकाला कॉम्प्युटर आणि दुसऱ्या टोकाला बोंबलाचं कालवण, असं आपलं ऑफिस होतं. मी तुमच्या कॉम्प्युटर क्लासला शिकायला आले आणि तुमच्याकडेच कामाला चिकटले. नारपोलीतल्या लूमवाल्यांचा, म्हणजे यंत्रमागवाल्यांचा, माल नोंदवणारं आपलं सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलेलं आणि मी सुधारलेलं. यावर तुम्ही डोळे वटारले असते, ठाऊक आहे मला.

त्या वर्षी आपल्या नोंदी साठवणारा फुकटचा डेटाबेस बनवणाऱ्या मूळ मंडळींतले काही जण बाहेर पडले आणि तोच कोड घेऊन त्यांनी वेगळी चूल मांडली. वडप्याच्या एका गोदामवाल्या गिऱ्हाइकाला हा नवा डेटाबेस हवा होता. आपलं सॉफ्टवेअर डेटाबेसशी बोलायचं ते मधल्या ड्रायव्हरमार्फत, म्हणजे दुभाष्यासारख्या एका प्रोग्रॅममार्फत. मग दोन्ही डेटाबेसना एकच ड्रायव्हर चालेल की वेगवेगळे लागतील, यावरून आपली जुंपली. "अगो, दोन भाव येगलं झालं म्हनून लगेच बोली बदलत न्हाय. एकच पुरं हाय," तुम्ही पीठ मळता मळता म्हणालात. मी म्हणाले, "आज नाही बदलत, पण पुढे बदलेल त्याचं काय?" खरं भांडण ड्रायव्हरचं नव्हतंच. मला पुण्याची नोकरी आली होती. एकावर भागलं तर सगळं तुम्हाला एकटीला सांभाळता येणार होतं. दोन झाले तर मला राहावं लागलं असतं, आणि मला राहायचंच होतं.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून व्होल्टेज धड, म्हणून आपली टेस्टिंगही शुक्रवारची. तुम्ही आपल्या एकुलत्या एक मशीनवर दोन्ही डेटाबेस बसवता, एकाच ड्रायव्हरवर टेस्ट चालवता. दोन्हीकडे पास. "जा आता पुन्याला!" तुम्ही टाळी वाजवता. मग मला दिसतं, दोघांचा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, एकच आहे. जुना दार अडवून बसलाय, नवा सुरूच झालेला नाही. आपण जुन्यालाच दोनदा विचारून आलो! आपण इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी करपली. पोर्ट बदलून पुन्हा टेस्ट चालवली, तर नवाही खरोखरच पास. तुम्ही पदरानं डोळे पुसलेत. "तुला ठेवून घ्याला मलाबी आवडंल गो. पन ड्रायव्हरचा बहाना नको." मी गेले, आणि पुण्यात मजेत रमले.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दोन डेटाबेसची बोली मधल्या काळात खरंच बदलली. गेल्या आठवड्यात इथे पुण्याच्या ऑफिसात आम्ही नव्यासाठी वेगळा ड्रायव्हर घेतला. वाढीव कामानं टीम वैतागली, आणि मी एकटी खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होते. जिंकले की नाही, बाई? हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा खरं सांगून टाकते. जुना ड्रायव्हर अजून वर्षभर सहज चालला असता. मला तुमच्याशी भांडायचं होतं.