टिकलीचं वय

११ मार्च

टिकलीनं आजही चारा थुंकला! घास तोंडात घोळवते, घोळवते, आणि ओला गोळा करून गव्हाणीत टाकून देते. सकाळी सात गोळे निघाले. तोंडाला वासही येतो. बाबा म्हणतात, "नखरे हायेत. पोरीच्या जातीले असतातच." मी विचारलं, मला होते का? तर म्हणे, "तू तर अजून लग्नाले हो नाही म्हणून राहिली."

वरातीची घोडी आणि नखरे, कसं जमायचं? आमची जुनी घोडी रानी वीस वर्षांची झाली, थकली. म्हणून तर ९ जानेवारीला बाबा एकटेच बाजारात गेले आणि टिकली घेऊन आले. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. दात चाचपून सांगितलं — पुरे चार वर्षं. संपलं. आमच्या मुर्री गावात बाबांच्या, म्हणजे यादोरावांच्या, बोटांवर कोणी शंका घेत नाही. दुसऱ्या गावचे लोकसुद्धा घोडा घेताना त्यांना सोबत नेतात. आमच्या घरात घोड्याचं तोंड बाबांनीच उघडायचं, हा नियम.

रात्री अश्विनचा फोन. माझा धाकटा भाऊ, पण नागपूरला नोकरीला लागल्यापासून घरात मोठा झालाय. १० मेला शेजारच्या भोजराजकाकांच्या प्रफुलची वरात. टिकलीनं नवरदेव नेला तर ठेवू, नाहीतर व्यापाऱ्याला परत. "दोन दोन घोड्या कायले पोसायच्या?"

मला टिकली हवी आहे. बस्स.

१२ मार्च

लगाम घालून पाहू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "आज नको. वार बरा नाही." बाबा कधीपासून वार पाहायला लागले? आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून या घरात कोणी मुहूर्त विचारला नाही.

१३ मार्च

बाबा चहाला गेले तेव्हा मीच लगाम घातला. टिकलीनं मान अशी झटकली की लोखंडी कडी माझ्या हनुवटीवर बसली. आता दोघींनाही चावता येत नाही.

१५ मार्च

केवळरामकाका आले. बाबांचे बालमित्र, चहाचे सोबती, आणि न विचारता सल्ला देण्यात पटाईत. टिकलीचा ओठ वर केला, टाळू पाहिला. दातांच्या मागे फुगलेला. "टाळू उतरला हो. डाग द्या लागते. माह्या बापानं असे किती बरे केले." बोलता बोलता विळा चुलीत घातला सुद्धा!

मी चुलीपुढे उभी राहिले. म्हटलं, तोंडात डाग? तुमच्या नातवाला दात आले तेव्हा दिला होता का?

"तू शिकली म्हणून लय बोलून राहिली."

बाबा ओसरीवर बसले होते. मला वाटलं आता हो म्हणतील. मग उठले, चिमट्यानं विळा बाहेर काढून पाण्यात टाकला. "आग लावून दात येत नाही, केवळ्या." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बोलाव डॉक्टरले." आवाज असा, जसं टिकलीचं नाही, त्यांचंच काहीतरी दुखतंय.

१६ मार्च

डॉक्टरीणबाई परवा येते म्हणाल्या.

आज भाकर केली तर बाबांनी दुधात कुस्करून खाल्ली. गोंदियाला जाऊन केलेली कवळी त्या निळ्या डबीत पडून आहे. काढून देते म्हटलं तर ओरडलेच — "माह्या डबीले हात लावाचा नाही!" दात नसलेला माणूस आणि दात असून न खाणारी घोडी. मी या दोघांच्या मधे.

१८ मार्च

डॉ. भूमिका आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण हिंमत भारी. आधीच सांगून टाकलं, "ताई, मी गाई-म्हशींची डॉक्टर. घोड्याचं तोंड कॉलेजनंतर दुसऱ्यांदा उघडतेय." फोनवर आपल्या सरांना विचारत विचारत काम केलं. गुंगीचं इंजेक्शन दिलं. टिकलीनं मान टाकली, ती माझ्या खांद्यावर. तोंड उघडं ठेवायला लोखंडी चौकट लावली. टॉर्च माझ्या हातात. मला आधी भीती वाटली, मग मजा.

मागे दाढेत दुधाचा दात अडकला होता. खालून नवा वर आलेला, त्याच्या डोक्यावर जुना टोपीसारखा बसलेला. अर्धा सुटलेला, धार गालात घुसलेली. बिचारी खाणार कशी! चिमट्यानं धरला, हलवला, कट्कन निघाला. मग लांब कानशीनं दाढांच्या धारा घासल्या. घरभर वास. दुसऱ्या बाजूची टोपी हलतेय, पण ती आपोआप पडेल म्हणाल्या. फुगलेल्या टाळूला काही करायचं नाही, दात येताना तो फुगतोच.

आणि मग समोरचे दात पाहिले.

"ही चार वर्षांची कोण म्हणालं? मधले चारच नवे आहेत. बाजूचे अजून दुधाचे. ही अडीच-तीनची आहे." चार वर्षांची होईपर्यंत पाठीवर माणूस नाही. लगामही सध्या नाही. "एवढ्या लहान घोडीवर नवरदेव बसवले तर पाठ कायमची जाते, ताई."

केवळरामकाकांसकट सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मोहाच्या झाडाकडे पाहिलं.

जाताना डॉक्टरांनी विचारलं, पडलेले दुधाचे दात सापडले का? मी रोज झाडते, एकही नाही. बाबा म्हणाले, "उंदरानं नेले असतील."

१९ मार्च

बाबांशी भांडले. लिहितानाही वाईट वाटतंय. म्हटलं, नजर गेली तर सांगायचं होतं, कोणाला तरी सोबत न्यायचं होतं. चाळीस वर्षांचं नाव आणि एका व्यापाऱ्यानं फसवलं!

त्यांनी एवढंच म्हटलं, "बाजारात तिच्या पाठीवर खोगीर होतं. त्याच दिवशी वरातीत जाणार होती."

मी म्हटलं, मग काय झालं? वरातीचीच घोडी ना? ते उठून रानीला पाणी पाजायला गेले.

२३ मार्च

गावभर झालं. केवळरामकाका कशाला पोटात ठेवतील! "यादोरावचे दात गेले, आता बोटंही गेले." टपरीवर सगळे हसले म्हणे. बाबा चार दिवस चहाला गेले नाहीत. अश्विनला कोणीतरी कळवलंच. त्याचा फोन — "बाबाले फसवलं. वरात झाली की परत कर." म्हणजे आता वरातीत नेली काय आणि न नेली काय.

२७ मार्च

टिकली खाऊन राहिली! बाबांसारखंच लिहिलं, लिहू दे. भाताचं तणस, ओला कोंडा, गाजरं, माझ्या ओढणीचं टोक. एकही गोळा नाही. मी गव्हाणीपाशी बसून नुसतं चावणं ऐकलं. इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

९ एप्रिल

वरातीसाठी मागच्या महिन्यात मी शिवलेली झूल घालून पाहिली. महिन्यातच चार बोटं तोकडी! टिकली वाढतेय. मी शेकडो ब्लाऊज शिवले, पण माप असं पळणारं गिऱ्हाईक पहिलंच. बाबा पाहून हसले. कितीतरी दिवसांनी.

२० एप्रिल

अश्विन आला. टिकलीनं त्याच्या खिशातला रुमाल काढून चावला. तो हसला नाही. "ताई, जीव लावू नको." उशिरा सांगितलं, राजा.

मी एकच मागितलं. वरातीत नवरदेव रानीवर बसू दे, टिकली नुसती सोबत चालेल. तोंडाला दोरीची मोरकी बांधून, लगामाविना. तिला सवय होईल. तो म्हणाला, "मग दुसऱ्या दिवशी, ११ले, व्यापारी येईल." बाबा जेवत होते. घास तोंडातच राहिला.

११ मे

काल वरात झाली. सगळं लिहिते.

रानीवर प्रफुल, डोक्याला झेंडूचा सेहरा, बाजूला टिकली, दोरी अश्विनच्या हातात. डीजे असा की छातीत धडधड. चौकात पोरांनी फटाक्याची माळ लावली. अश्विन उडी मारून मागे झाला. टिकली जागची हलली नाही. मला अभिमान वाटला, मग दिसलं ती का हलली नाही. तिनं मान लांब करून प्रफुलचा सेहरा धरला होता आणि एकेक झेंडू खात होती. शांतपणे, दाढांनी, नीट चावून! प्रफुल ओरडतोय, बायका हसून हसून रस्त्यात बसल्या. भोजराजकाका म्हणाले, "खाऊ द्या जी, आपल्या घरचीच हाय." मंडपापर्यंत नवरदेवाच्या तोंडापुढे नुसते दोरे उरले.

अश्विन हसता हसता रडायला लागला. आज सकाळी त्यानंच व्यापाऱ्याला फोन करून नाही सांगितलं. "राहू दे तिले. चारची होईपर्यंत रानी ओढते." मी टिकलीच्या गळ्यात पडले. घामाचा आणि झेंडूचा वास.

केवळरामकाका म्हणाले, फसलेल्या सौद्यातही यादोरावचं नशीब चांगलं. बाबा नुसते हो म्हणाले.

१३ मे

अश्विन उद्या जाणार, म्हणून मटण केलं. बाबा टपरीवर गेले होते. आज कवळी लावायलाच लावते म्हणून निळी डबी उघडली.

कवळी नाही. टिकलीचे चार छोटे दुधाचे दात. प्रत्येक दात कॅलेंडरच्या त्या त्या दिवसाच्या फाडलेल्या पानात गुंडाळलेला. शेवटचा २ मार्चचा. पहिला ९ जानेवारीचा — बाजाराचा दिवस. तिचं तोंड उघडलं तेव्हाच तो त्यांच्या हातात आला असणार. म्हणजे तिचं खरं वय त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि पाठीवरचं खोगीर पाहूनच ते तिला घेऊन आले.

डबी होती तशी ठेवली. दुपारी गव्हाणी झाडताना दाढेवरची ती दुसरी टोपी सापडली. धुतली, आजच्या पानात गुंडाळली, बाबांच्या उशाखाली ठेवली.