सात गेले, सात आले

ती. आत्यास,

तुझ्या धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार. (एवढ्या लांबून वाकलेलं दिसत नाही, पण मी खरंच वाकले. पेन खाली पडलं होतं.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी तुला सांगितलं, की तू डॉक्टरांना सांगितलंस, हे बाबांच्या फोनवरून नीट कळलं नाही. तीस वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काढल्यावर तू डॉक्टरांचं निमूट ऐकून घेशील, असं निदान मला तरी वाटत नाही. आतोबांचं घोरणं कमी झालं असेल, किंवा तुझे कान तरी सरावले असतील, अशी आशा करते.

माझी तब्येत ठणठणीत आहे, मान मात्र जरा जास्तच ताठ झाली आहे, कारण मला पद मिळालं आहे. तुला माहीतच आहे की आमच्या भूमापनाच्या वर्गातली सात जणांची टोळी शनिवारी संध्याकाळी बाहेर पडते. आमची पद्धत अशी की दर खेपेला एकानं थेंबही घ्यायचा नाही आणि बाकीच्या सहांना धडधाकट परत आणायचं. या एकाला आम्ही 'पाषाण' म्हणतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण ज्यानं केली त्यानं टोमणा म्हणून केली असेल. आमच्याकडे ती नेमणूक आहे. उमेदवार दोन्ही अंगांनी लायक लागतो. एक, रात्रभर कोरडा राहणारा, आणि दोन, रात्रभर ब्रह्मज्ञान सांगणारा. दुसऱ्या अंगानं माझी निवड बिनविरोध झाली.

पाषाणाचे नियम मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. जेवल्याशिवाय पहिला ग्लास नाही. दोन ग्लासांच्या मधे एक पाण्याचा. टेबलावर सोडून गेलेला ग्लास परत येऊन प्यायचा नाही, ओतून द्यायचा. अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही, आणि एकट्यानं घरी जायचं नाही, रुसून तर मुळीच नाही. (रुसण्याचं कलम एका प्रेमप्रकरणानंतर घालावं लागलं.) माझी स्वतःची भर म्हणजे रस्त्यावर गाडीवाल्यांना आम्ही दिसावं म्हणून सगळ्यांनी मोजणीला जाताना घालतो ती पिवळी चमकदार जाकिटं घालायची. या कल्पनेचा मला फार अभिमान होता. 'होता' असं लिहिलं आहे ते मुद्दाम.

गेल्या शनिवारी निमित्तही मोठं होतं. पुलाच्या मोजणीच्या प्रात्यक्षिकात आमची टोळी पहिली आली, आणि त्याचं निम्मं श्रेय आमच्यातल्या उंटाचं. (हा उंट म्हणजे सव्वासहा फुटांचा, मानेनं थोडा पुढे आणि स्वभावानं भाबडा मुलगा. उंटाला पाण्यावाचून चालतं, तेव्हा मधल्या ग्लासचं कलम आपल्याला लागू नाही, असा त्याचा युक्तिवाद असतो.) मी बारच्या दारातच प्रत्येकाला विचारलं, जेवलास? सगळे हो म्हणाले. उंटही हो म्हणाला. तो दिवसभर पुलाखाली दुर्बिणीला डोळा लावून उभा होता आणि तिथून थेट आला होता, हे मला ठाऊक असूनही मी त्याच्या 'हो'वर खूण केली, इथे पहिली चूक झाली.

बार बंद व्हायची वेळ झाली तशी मी दारात उभी राहिले आणि खड्या आवाजात म्हटलं, "पिवळे सगळे बाहेर! रांगेत चला, कुणी मागे राहायचं नाही!" जाकिटं मोजली. सहा. सातवं माझ्या अंगावर. मोजणी हा आमचा पेशा, दुसऱ्यांदा मोजायची गरज काय? वीस मिनिटं चालून आम्ही वसतिगृहाच्या जिन्याशी आलो, दिव्याखाली सगळे थांबले, आणि सहाव्या जाकिटातून पन्नाशीचे, मिशीवाले एक गृहस्थ पुढे आले. टोपी काढून अदबीनं म्हणाले, "मुकादमबाई, खड्डा कुठाय?"

ते रस्ता दुरुस्तीवाले. दिवसाचं काम संपवून शेजारच्या टेबलावर एकटेच बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांना वाटलं, रात्रपाळी लागली. "अहो, मग वाटेत विचारायचं तरी!" मी म्हटलं. "मुकादमाला विचारायची पद्धत नाही बाई," ते म्हणाले. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, थोडी फुशारलेही (आवाजात एवढी हुकमत असणं सोपं नाही), आणि मग एकेक तोंड पाहिलं. हे सहावे, तर आमचा सहावा कुठे? उंट नव्हता. फोन उचलत नव्हता. रस्तावाले म्हणाले, "तो लांबडा होय? तो मागल्या अंगणात बाकावर आडवा झाला होता की. मला वाटलं, त्याची पाळी नसेल."

आम्ही तिघे पळत परत गेलो: मी, रस्तावाले, आणि आमच्यातला वकील (तो वकिली शिकत नाही, नुसता वाद घालतो). उंट बाकावर उताणा पडला होता. हाक मारली, खांदा हलवला, कान पिळला, काही नाही. हात गार, ओठ निळसर. खुर्च्या उचलून ठेवणारा वेटर म्हणाला, "झोपू द्या हो, सकाळी उतरेल." वकील म्हणाला, थंड पाण्याखाली धरू, नाहीतर कडक कॉफी पाजू. आत्या, त्या क्षणी माझ्या तोंडातून निघाला तो सरळ तुझा आवाज. "बेशुद्ध माणसाला काही पाजायचं नाही! माणूस झोपला तरी दारू झोपत नाही, ती चढतच असते!" त्या वाक्यानं तू किती जेवणं बेचव केलीस, पण ते माझ्यात मुरलं होतं. वकिलाला रुग्णवाहिकेला फोन करायला लावलं. रस्तावाल्यांनी पाय धरले, मी खांदा, आणि त्याला डाव्या कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पुढे, गाल हातावर, तोंड खाली कललेलं. माझं जाकीट त्याच्यावर घातलं आणि श्वास मोजत बसले. मिनिटाला आठ. वकील विचारत राहिला, "आठ म्हणजे चांगलं ना?" "बारा तरी हवेत," म्हणत मी पुढचा श्वास मोजला. पाचव्या मिनिटाला उंटाला तसाच, डोळे न उघडता, ओकारी झाली, आणि सगळं बाहेर जमिनीवर पडलं. तो उताणा असता तर कुठे गेलं असतं, हे तुला सांगायला नको.

रुग्णालयात तुझ्याच वयाची, तुझ्याच कपाळावरच्या आठ्या असलेली एक परिचारिका होती. तिनं विचारलं, कुशीवर कुणी वळवलं? मी वर्गात करतात तसा हात वर केला. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि पुढच्या खाटेकडे गेली. तुमच्या पेशात याहून मोठं पदक नसतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून तेव्हापासून मान अशी आहे. उंट दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसला, दोनदा जेवला आणि रडला. दारात खोटं बोललो, म्हणाला. उपाशीपोटी, पाणी न घालता, काठोकाठ तीन ग्लास त्यानं पैजेवर एकामागून एक घेतले होते. मी त्याला ब्रह्मज्ञान सांगितलं नाही. (हे माझ्या बाबतीत किती अवघड आहे, याची नोंद व्हावी.)

वहीत आता नवं कलम आहे: जाकिटं मोजायची नाहीत, तोंडं बघायची, आणि प्रत्येकाला नावानं हाक मारून 'ओ' ऐकायची. आवाज मला तुझ्याकडून मिळाला आहे, तेव्हा तेवढं जमेल. आतोबांना नमस्कार.

तुझी,
पाषाण

ता. क. रस्तावाले दोनदा चौकशीला येऊन गेले. मोजणीचा कंटाळा आला तर मुकादमाची जागा रिकामी आहे, असंही सांगून गेले.

ता. क. २. तुझ्या चिरंजीवांची खुशाली या पत्रात कुठेच नाही, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. आत्या, आधी बस. उंट म्हणजे तोच. आता पूर्ण बरा आहे, मी रोज समोर बसवून जेवू घालते. रविवारी तो तुला स्वतः फोन करून सगळं सांगणार आहे; आई परत बोलावून घेईल या भीतीनं तीन रात्री झोपलेला नाही. ओरडायचं ते आत्ताच आतोबांवर ओरडून घे, त्यांना सवय आहे. रविवारी मात्र पहिल्यांदाच ऐकते आहेस असं ऐक, आणि त्याला परत बोलावू नकोस. हे सांगायला पत्र लिहिलं. बाकीचं सगळं तुला खुर्चीत बसतं करायला.

ता. क. ३. येत्या शनिवारी पाषाण तो आहे, त्यानं हट्टानं मागून घेतलं. म्हणजे दोन ग्लास घेणाऱ्यांत मी असेन. (जेवून. मधे पाणी.) तेव्हा हे पत्र वाचून झालं की तुझ्या भावाच्या हाती लागेल असं ठेवू नकोस.