आमची कोठेही शाखा नाही

१४ जून, शनिवार

चिक्की आता चिक्की राहिली नाही! दीर प्रज्ञेश पुण्याहून मार्केटिंगचा कोर्स करून आलाय. तेव्हापासून आमची शेंगदाण्याची चिक्की म्हणजे ‘आठवणींचा कुरकुरीत प्रवास’. मी म्हटलं, घाट चढून आलेल्या माणसाला आणखी कसला प्रवास विकतोस? तर म्हणे, "वहिनी, तुम्ही काउंटर सांभाळा. कंटेंट माझ्यावर सोडा."

सोडलं. दसऱ्यापर्यंत धंदा वाढला नाही तर गाळा कॉफीवाल्यांना भाड्याने द्यायचा, असं दोघा भावांचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही. लग्न होऊन आल्यापासून काउंटरवर मी उभी — पण गाळा त्यांच्या नावावर. माझ्या नावावर फक्त दुकानाचा मोबाईल, तोही ह्यांना रांगेत उभं राहायचा कंटाळा म्हणून!

१९ जून

प्रज्ञेशने पाटी उतरवली. ‘आमची कोठेही शाखा नाही’ — सासऱ्यांनी रंगवून घेतलेली. का? "नाही हा शब्द निगेटिव्ह वाटतो, वहिनी." तिच्या जागी नवी, झगमगती — ‘आता आम्ही सर्वत्र!’ सर्वत्र म्हणजे कुठे बाबा? हा एकच तर गाळा. म्हणाला, "ऑनलाइन." धन्य!

जुनी पाटी मी मागे गुळाच्या डब्यांआड ठेवली.

२२ जून, रविवार

भुशी डॅमची गर्दी रस्त्यावर मावेना, आणि आम्ही माश्या मारतोय. इंदुरीचे दत्तोबा लेकीकडे जाताना दरवर्षी आमचीच चिक्की नेतात. आज समोर उभं राहून वर बघत राहिले नि शेजारच्या दुकानात शिरले! धावत जाऊन गाठलं. आबा, आम्ही काय पाप केलं? ओशाळले बिचारे. "आगं, तू हितंच हाईस व्हय? पाटी दिसंना. म्हनलं दुकान इकलं, ह्ये कुनीतरी डुप्लिकेट बसलंय."

डुप्लिकेट! लोणावळ्यात ज्याला त्याला आपणच एकमेव म्हणवून घ्यायचं असतं. आम्ही खरेखुरे एकमेव, तर आम्ही सर्वत्र झालो! ह्यांना सांगितलं. "तो शिकलाय त्यातलं," एवढं बोलून पेपरात डोकं घातलं.

३ जुलै

मोबाईलवर कुणी राजेश्वरीताई विचारतात — वडिलांना कवळी आहे, चिक्की चालेल का? प्रज्ञेशने लावून ठेवलेलं उत्तर आपोआप गेलं, ‘आपल्या भावना आमच्यासाठी अमूल्य आहेत.’ अरे, कवळीला कसल्या डोंबलाच्या भावना?

लाज वाटली. ते आपोआपचं बंद केलं आणि स्वतः लिहिलं — ताई, चिक्की मुळीच नेऊ नका, कवळी हातात येईल. फज न्या, जिभेवर विरघळतो. त्यांना हसू आवरेना. "अहो, दुकानदार असं सांगतात का कधी?" संध्याकाळी आल्या. फज तर नेलाच, मैत्रिणींना आमचा नंबरही दिला.

२० जुलै

आता मोबाईलवरून सगळ्या गिऱ्हाइकांना रोज लिहितेय. ‘पावसात पाकीट फोडलंत तर संपवूनच उठा. चिवट झाली की माझ्या नावाने ओरडू नका.’ ‘राजगिऱ्याची आज जरा करपलीय, उद्या या.’ आणि लोक खरंच उद्या येतात! काउंटरवर विचारतात, फोनवर लिहिणाऱ्या बाई तुम्हीच का? छाती फुगते माझी. फुगणारच!

१० ऑगस्ट, रविवार

पाय ठेवायला जागा नाही दुकानात. प्रज्ञेश मित्राला सांगत होता, "बघ, सर्वत्रची कमाल!" आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

१२ सप्टेंबर

गाळा दिला.

धंदा वाढला तर द्यायचा नाही, असंच ठरलं होतं ना? पण गर्दी पाहून कॉफीवाल्यांनी भाडं वाढवलं आणि दोघे भाऊ फजसारखे विरघळले. म्हणजे गिऱ्हाईक जमवलं मी, आणि त्याच्यापायीच माझं काउंटर गेलं. "तुलाही आता आराम," हे म्हणाले. आराम! खूप रडले. मग भांडी आपटली, तेव्हा जरा बरं वाटलं.

प्रज्ञेश मोबाईल मागायला आला. कॉफीवाल्यांना आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर हवेत म्हणे. म्हटलं, कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ.

२ ऑक्टोबर, दसरा

कामशेतला स्टेशनजवळ गाळा भाड्याने घेतला. छोटाच, पण करार माझ्या नावावर. मोबाईलवरून सगळ्यांना कळवलं. नारळ दत्तोबांनी फोडला. पाटी जुनीच लावली, फक्त एक शब्द वाढवून घेतला —

‘आमची लोणावळ्यात कोठेही शाखा नाही.’