पांढऱ्या गाडीचं जन्मगाव

ते मारा गाव,
रविवार, दुपार

ती. एडिथमावशीस,

लायोनेलचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकायला काही लागत नाही. प्रत्यक्षात गेल्या हिवाळ्यापासून पियानोच्या खाली गेलेली माझी कंबर पुन्हा बाहेर यायला कुरकुर करते.) तुझा गुडघा कसा आहे? तिमारूत एव्हाना थंडी पडली असेल, जपून चाल. तू पाठवलेले मोजे पोचले. दोन्ही वेगवेगळ्या मापांचे आहेत, पण माझे पायही आताशा तसेच झालेत, त्यामुळे बरोबर बसतात. माझी बायको हुइया मजेत आहे, तिची आईही मजेत आहे. तिचा भाऊ तामाती मात्र काल दुपारपासून जेवलेला नाही आणि त्याला कारण मी आहे. हे गावात फक्त दोघांना ठाऊक आहे, मला आणि दातांच्या डॉक्टर पेनरोजना. तिसरी आता तू. वाचून झालं की पत्र शेगडीत घाल.

सगळं त्या पांढऱ्या गाडीवरून झालं. तुला ठाऊकच आहे, आमच्या गावात गाड्या जन्मत नाहीत, जोडल्या जातात. जपानहून खोक्यांतून सुटे भाग येतात आणि धक्क्यामागच्या कारखान्यात माझं अख्खं सासर त्यांची गाडी करतं. सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं सीटांची कव्हरं शिवली, मेव्हणी रंगखात्यात आहे, तामाती दारं बसवतो. या घरात नाताळच्या जेवणाला लोक हवापाण्यावर बोलत नाहीत, बिजागऱ्यांवर बोलतात. मी पियानो सुरात लावणारा माणूस, मला त्यातलं काय कळणार, म्हणून मला बटाटे सोलायला बसवतात.

पण माझे कान आहेत ना! माझी जुनी गाडी गावातलीच होती आणि तिच्यात समोरचा कप्पा वाजायचा. नुसता वाजला असता तर मी काही बोललो नसतो. तो काळी दोनच्या किंचित खाली वाजायचा, ना धड काळी दोन ना धड पांढरी दोन. डोंगरापलीकडच्या एखाद्या मेंढपाळाच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तो सूर इतका भरायचा, की मी त्यांचा चांगला पियानो बिघडवून परत यायचो. म्हणून गेल्या वर्षी मी ऑकलंडला गेलो. तेव्हा आमच्या कारखान्यात संप होऊन गेला होता आणि याच मॉडेलच्या थोड्या गाड्या थेट जपानहून जोडून आल्या होत्या. विकणारा माणूस इकडेतिकडे बघून माझ्या कानात म्हणाला, "ही तिकडची आहे." म्हातारपणी माणसाचा तोल जातो तो असा. मी घेऊन टाकली.

घरी जाऊन सरळ सांगायचं असं मी वाटेत पंचवीसदा ठरवलं. पण फाटकापाशी सगळं सासर उभं. मी ब्रेक दाबतो न दाबतो तोच तामातीने दार उघडलं, मिटलं, डोळे मिटून पुन्हा उघडलं नि मिटलं आणि हुइयाला म्हणाला, "ऐकलंस ताई? हा आवाज! हे दार माझ्या हातचं आहे." सासूबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या, कव्हरावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, हा टाका शिवणखात्यातल्या आमच्या मेरेआनाचा. तिची शिलाई मी अंधारात ओळखेन." (बिचारी मेरेआना. तो टाका तिच्यापासून समुद्रापलीकडे कुणीतरी घातलेला.) मी तोंड उघडलं, तेवढ्यात हुइयाचे थोरले काका पुढे झाले. नवी गाडी घरात आली की तिच्यावर प्रार्थना म्हणायची ही त्यांची रीत. त्यांनी पाणी शिंपडलं आणि ज्या हातांनी ही गाडी घडवली त्या हातांना सुखी ठेव असं देवाला सांगितलं. तामाती स्वतःच्या हातांकडे बघत उभा होता, डोळ्यांत पाणी. आता तू सांग मावशी, प्रार्थना मध्येच थांबवून "अहो, ते हात दुसरे" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं.

मग एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. गावातल्या गाडीच्या काचा आपल्या देशातल्या असतात, त्यांच्या कोपऱ्यात तसा शिक्का असतो. माझ्या काचांवर जपानी शिक्का. मी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात गावच्या बँडची स्टिकरं चिकटवली. लोकांना वाटलं मला बँडचं भारी प्रेम. शेवटी त्यांनी मला समितीवर घेतलं.

आणि याहून वाईट सांगू? तिसऱ्याच महिन्यात ही गाडीही वाजायला लागली! डाव्या बाजूला, दाराच्या आत कुठेतरी. आता दाखवू कुणाला? दार खोललं की भांडं फुटलं. मी खिडकी उघडी ठेवून वाऱ्याच्या आवाजात तो आवाज बुडवायचो आणि सर्दीने हैराण व्हायचो. एकदा तामाती शेजारी बसला असताना त्याने तो ऐकलाच. दुसऱ्या दिवशी रताळ्यांचं पोतं खांद्यावर घेऊन दारात हजर. "दाजी, माझ्या हातून असं कधी होत नाही. संपाच्या दिवसांत मन थाऱ्यावर नव्हतं. माफ करा." आणि आवाज काढून देतो म्हणाला, तर मला सांगावं लागलं की मला तो आवाज आवडतो. मावशी, ती रताळी माझ्या घशाखाली उतरली नाहीत. हुइयाने तीन आठवडे रांधली.

हे असंच रखडत आयुष्य संपलं असतं. पण सरकारने बाहेरच्या गाड्यांवरची जकात काढायचं मनावर घेतलंय, म्हणजे जपानी कंपनीला इथे खोकी पाठवण्यात राम उरत नाही. कारखाना ठेवायचा की नाही ते बघायला तिकडून दोन साहेब आले. तामातीला वाटलं, कागदावरचे आकडे बघून हे लोक कारखाना बंद करतील, त्यांना गाडीच दाखवायला हवी. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या, एक तिकडून जोडून आलेली, एक इथली, कोणती कुठली ते साहेबांना न सांगता रग्बीच्या मैदानावर उभ्या करायच्या. आपली कमी ठरली नाही तर बोलायला तोंड राहील. कारखान्याने होकार दिला, महापौरबाईंनी होकार दिला. तिकडची म्हणून डॉक्टर पेनरोजची गाडी ठरली. (ती जपानची आहे हे डॉक्टरांच्या पत्नी बोलिंग क्लबात दर गुरुवारी सांगतात, न विचारता.) आणि इथली म्हणून गावाने एकमताने कुणाची निवडावी? सगळ्यात निगा राखलेली, जिच्यावर बँडची स्टिकरं आहेत ती, म्हणजे माझीच.

शुक्रवारी माझी दाढ ठणकायला लागली, भीतीनेच असणार. पेनरोजनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस, आरसा आणि एक नळी कोंबली, दार लावलं आणि म्हणाले, "लायोनेल, कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही." मी "आं" एवढंच म्हणू शकत होतो. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून मागच्या सीटखाली किल्ली पडली. सीट उचलली तर खाली चुरगळलेली कागदी पिशवी, आमच्या धक्क्यावरच्या बेकरीची, खिमा भरलेल्या पेस्ट्रीची, म्हणजे 'पाय'ची! आत कडेचा तुकडासुद्धा होता. जपानमध्ये सीट बसवताना आमच्या बेकरीचा पाय कोण खाणार? विकणाऱ्याने त्यांना गावातलीच गाडी तिकडची म्हणून गळ्यात मारली होती. बायकोला सांगायची छाती नाही, आणि आता तर अख्ख्या गावासमोर ती जपानची म्हणून उभी राहणार. "बोल काहीतरी," ते म्हणाले. मी "आं आं" करत हातवारे केले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नळी काढली. मग मी माझं सांगितलं. ते दुसऱ्या खुर्चीत बसले आणि माझ्याच पेल्यातल्या पाण्याने त्यांनी कुल्ला केला.

आता आम्ही दोघे शिकलेसवरलेले लोक काय विचार करतो ते ऐक. पेनरोज म्हणाले, घाबरायचं कारण नाही, उलट बरंच झालं. तुझी गाडी जपानची, म्हणजे तीच चांगली ठरणार. नाव गावाचं होणार. कारखाना वाचेल. मलाही ते पटलं. इतकं पटलं की दाढ दुखायची थांबली. जपानची गाडीच सरस असणार याबद्दल दोघांच्याही मनात शंकेचा लवलेश नव्हता. माझी गाडी रोज माझ्या कानात वाजत होती, तरीसुद्धा नव्हता!

काल सकाळी मैदानावर सगळा गाव. नंबरांच्या पाट्यांना उशांचे अभ्रे बांधले, बागकाम मंडळाच्या बायकांनी अक्षर दिसेल तिथे न वाचता चिकटपट्टी मारली. माझ्या गाडीला लाल फीत, पेनरोजच्या गाडीला निळी. साहेबांनी दारं उघडमीट केली, आत बसले, मैदानाला फेऱ्या मारल्या, गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. तामाती बायकोचा हात धरून उभा होता. शेवटी साहेब आपसांत बोलले आणि दुभाष्याने सांगितलं, दोन्ही चांगल्या आहेत, पण निळी सरस. निळीची दारं सुरेख मिटतात, लाल फितीच्या गाडीत डावीकडे काहीतरी वाजतं.

महापौरबाईंनी अभ्रे काढले आणि पडल्या आवाजात जाहीर केलं की निळी जपानची. बँडच्या ट्रॉम्बोनवाल्याने सवयीने अर्धा सूर काढला आणि थांबवला. तामाती पुढे गेला, साहेबांशी हस्तांदोलन केलं, म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे," आणि एकटाच धक्क्याकडे चालायला लागला. पेनरोज तेवढ्यात मासे पकडायला म्हणून समुद्रात गेले ते अजून आलेले नाहीत.

मावशी, तो जिंकला होता गं. त्याच्या हातची दारं जिंकली होती, त्याच्याच लोकांनी खिम्याचा पाय खात बसवलेली सीट जिंकली होती, आणि तो हरल्यासारखा चालत गेला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. साहेब परवा सकाळच्या बसने जातात. त्याआधी मी सगळं सांगणार, हे ठरलं. मग सासरचे मला दारात उभं करोत न करोत, गावातला एकही पियानो मला हात लावू देवो न देवो. (चर्चचा, शाळेचा आणि क्लबाचा असे तिन्ही सासरच्याच ताब्यात आहेत.) तुझा भाचा भित्रा नाही, एवढं तू लक्षात ठेव.

गुडघ्याला शेक घेत जा. मांजरीला माझा पापा.

तुझा,
लायोनेल

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलं. पत्र मी आत्ता शेजारच्या पोस्टमनकडे देतो, तो रात्रीच्या बोटीने पलीकडे तुमच्या बेटावर जाणार आहे. उद्या सकाळी मिळालं की लगेच हुइयाला फोन कर आणि तुझा पियानो फार बिघडलाय, लायोनेलला लगेच पाठव असं सांग. तुझ्याकडे पियानो नाही हे तिला माहीत नाही. मी सगळं चिठ्ठीत लिहून पाद्रीबाबांकडे ठेवीन आणि ती वाचली जाईल तेव्हा तुझ्या मागच्या खोलीत असेन. भित्रा नाही हे वर लिहिलंच आहे, पण तामाती दारं एका हाताने उचलतो.

ता. क. २ – फोन करू नकोस. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात तामाती अवजारांची पेटी घेऊन आला. अनवाणी, डोळे सुजलेले. म्हणाला, "दाजी, तुम्हाला तो आवाज आवडतो हे मला माहीत आहे. पण त्या आवाजाने गावाचं नाक कापलं. मला ते दार खोलू द्या. परवा बस सुटायच्या आत साहेबांना परत दाखवतो." आणि दारापुढे गुडघे टेकून बसला सुद्धा, दुसऱ्याची चूक निस्तरायला. मला ते बघवेना. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, ऑकलंड, स्टिकरं, पायची पिशवी, सगळं. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं आता संपलं. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे निळी आपली?" मी म्हटलं, "आपली." "दारं माझी?" "तुझी." तो उठला, पेटी तिथेच टाकली आणि साहेब उतरलेत त्या मोटेलच्या दिशेने धूम पळत सुटला. फाटकातून मागे वळून ओरडला, "परत आल्यावर बघतो तुमच्याकडे, दाजी!"

हुइया आत्ता पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली आहे आणि विचारते आहे, तामाती असा हसत कुठे पळाला. तिला अजून काहीच माहीत नाही. पत्र इथेच पुरे करतो, आता उठून तिला सांगायला हवं.