गळलेली ओळ

४ मार्च

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त बाबा कुरकुरतात. औषधांच्या गोदामात लेबलं चिकटवून बोटांची सालं निघतात म्हणाली होतीस. हातमोजे घालतेस की अजून कंटाळाच करतेस?

मी मानसशास्त्राच्या एम. ए.चा अर्ज भरतेय. त्यात विचारलंय की हा विषय घ्यायचं कधी आणि का ठरवलंत. वर्गात यावरून नुसता धुमाकूळ. एकीने शाळेतल्या समुपदेशक बाईंना बघून आठवीतच ठरवलं होतं. एकाने इंजिनिअरिंगची दोन वर्षं वाया घालवल्यावर. एक बाई तर चाळिशीत आल्यात, म्हणतात, घरात सराव एवढा झालाय की आता फक्त सर्टिफिकेट घ्यायचं बाकी आहे. मी लिहिलं की आत्याला प्रत्येक गोष्ट पुन्हापुन्हा तपासण्याचा त्रास सुरू झाला, तो पाहून मला या विषयाची ओढ लागली. लिहून झालं आणि माझीच मला लाज वाटली, म्हणून हे पत्र.

तू छापखान्यात प्रुफं तपासायचीस तेव्हा शाळा सुटली की मी तुझ्याजवळ येऊन बसायचे. मी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि तू समोरच्या प्रुफावर पेन्सिल फिरवायचीस. म्हणून तर मला पोपट म्हणायचीस. त्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्लात पाणी ओतू नये ही ओळ अक्षरजुळणीत गळली होती. मी ते प्रुफात आधीच पाहिलं होतं, आणि हस्तलिखित वाचताना ती मुद्दाम गाळली. तुझ्या लक्षात येतं का, एवढंच बघायचं होतं. आलं नाही. शेवटी सांगून तुला हसवणार होते, पण मालक स्वतः येऊन गठ्ठा घेऊन गेले आणि मी दप्तर उचलून घरी पळाले.

मग पाच हजार पुस्तकांत दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या आणि तुझी नोकरी गेली. तूच सगळ्यांना सांगितलंस की माझंच लक्ष उडालं असेल. पुढच्या महिन्यात तू आमच्या स्वयंपाकघरात विजेचं बिल हातात घेऊन उभी होतीस. सात वेळा वाचलंस. मी मोजत होते. त्या दिवशी मी ठरवलं, मानसशास्त्र शिकायचं आणि तुला बरं करायचं. काही न सांगता.

मला हवं ते बोल. लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुझी,
पोपट


२५ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र फाडणार होते. मग जपून ठेवलं, कारण सहा वर्षांत माझ्या बाजूने बोलणारा तेवढाच एक कागद आलाय.

एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी तू कॉलेजची तीन वर्षं काढलीस, धन्य आहेस. आणि मी इथे, ती ओळ कानावर आली होती की नव्हती, हे आठवायला रोज डोकं फोडून घेत होते. दुसऱ्या छापखान्यातून दोनदा बोलावणं आलं, गेले नाही. तुझ्या दादाचं बाळ मांडीवर घ्यायला नाही म्हणाले, तर तुम्हाला वाटलं आत्याला हौस नाही. माझ्या हातून पडेल अशी भीती वाटत होती गं मला.

सोळाव्या वर्षी खोडी काढलीस, ते मी एकवेळ गिळीन. पण नंतर दर सुट्टीत येऊन झोप लागते का, मनात काय येतं, असे गोड गोड प्रश्न विचारायचीस आणि मी भाबडेपणाने उत्तरं द्यायचे, ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

अर्जाचं मला सांगू नकोस. आधी तुझ्या बाबांना सांग. सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला होता की हिचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. त्याला कळू दे.

आईला गुडघा शेकायला सांग. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

आत्या


१८ एप्रिल

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर. आईने ताट बाजूला सारलं. बाबा हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि दोन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाहीत. दादा म्हणाला की मी आजारी माणसाच्या आसपासही फिरकू नये. मला ते पटलं, म्हणून जास्त लागलं.

अर्जात खरं ते लिहिलं. मुलाखतीत एका वयस्कर प्राध्यापक बाईंनी विचारलं की आत्याला आता कसं आहे. मला सांगताच येईना. इतके प्रश्न विचारले तुला, पण उत्तरं ऐकताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं, तुला माझा संशय तर येत नाही ना. तेही त्यांना सांगून टाकलं. वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवतील. काल पत्र आलं, प्रवेश मिळालाय. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय.

तू नको म्हणालीस तर घेणार नाही. तुझा शब्द येईपर्यंत थांबते.

तुझी,
पोपट


२६ एप्रिल

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाबा येऊन गेला. अर्धा तास पंख्याच्या आवाजावर बोलला, मग तो दुरुस्त करायला स्टुलावर चढला, आणि वर बघतच चुकलं म्हणाला. मी स्टूल धरून उभी होते. एवढा थोरला माणूस पंख्याकडे बघून रडतोय म्हणताना मला आधी हसू आलं, मग दोघंही रडलो. पंखा पहिल्यापेक्षा जास्त वाजतो.

प्रवेशाचं माझ्या गळ्यात कशाला घालतेस? हो म्हणाले तर मी माफ केलं असं धरशील. नको म्हणाले तर शिक्षा भोगून मोकळी होशील. दोन्ही मिळणार नाही. घ्यायचा तर घे, पण मला बरं करायला म्हणून घेऊ नकोस.

त्यासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मी माझी मी जायला लागलेय. तिथल्या बाईंनी विचारलं की काय होतंय. इतकी वर्षं कोणी विचारलं की मी म्हणायचे, माझं डोकं बिघडलंय. या वेळी तोंडातून निघालं की डोकं चांगलं शाबूत आहे, मला भाचीचा राग आलाय. मग अशी सांगत सुटले, की माझी वेळ संपली तरी सांगून झालं नव्हतं. उरलेलं बुधवारी सांगणार आहे.

लोभ आहे. सध्या राग त्याहून जास्त आहे.

तुझी,
आत्या